साक्षीदार कोणाच्या जीपमधून आला?

अॅट्रॉसिटीच्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक वाक्य ठरलेलेच असते : साक्षीदार फितूर झाले. वाचणारा हळहळतो, कार्यकर्ते निवेदन देतात, एखादे धरणे होते आणि विषय संपतो. साक्षीदार फितूर झाला म्हणजे नेमके काय झाले, त्याला कोणी फितवले, कोणत्या दिवशी फितवले आणि त्या दिवशी शासन कुठे होते, आपण कुठे होतो, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्ही वकिली करतो, चळवळीत काम करतो, आणि हा प्रश्न आम्ही स्वतःलाही बरीच वर्षे विचारला नव्हता. तो विचारायला लावला एका जीपने.

प्रकरण २०१९ चे. गावाचे नाव देत नाही, कारण फिर्यादी बाई अजून तिथेच राहते. ग्रामपंचायतीच्या नळावर हंडा लावण्यावरून वाद झाला, तिला जातीवरून शिवीगाळ झाली, केस धरून ओढले, हंडा फेकून दिला. समोर पंक्चरचे दुकान. दुकानदार दुसऱ्या समाजाचा, वय पन्नाशीच्या पुढे. त्याने सगळे पाहिले आणि पोलिसांना तसा जबाब दिला. दोषारोपपत्रात स्वतंत्र म्हणावा असा साक्षीदार तो एकटाच. साक्षीला उभा राहिला तो तब्बल पाच वर्षांनी. त्याआधी सहा वेळा तो कोर्टात येऊन परत गेला होता. कधी आरोपीचे वकील हजर नव्हते, कधी न्यायाधीश रजेवर, कधी वेळ संपली. सातव्या वेळी त्याने पिंजऱ्यात उभे राहून सांगितले, मी दुकानात नव्हतो, मला काही माहीत नाही, पोलिसांनी काय लिहिले ते मला वाचून दाखवले नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित करून घेतले, चार प्रश्न विचारले आणि तो खाली उतरला.

दुपारी तो आवाराबाहेर चहाच्या गाड्यावर उभा होता. आमच्याशी नजर मिळवत नव्हता. आम्हीच जवळ गेलो. रागावलो नाही, फक्त विचारले, कसे आलात? तो म्हणाला, "साहेब, एसटीच्या संपानंतर मुक्कामी गाडी बंद झाली ती झालीच. अडतीस किलोमीटर. यायचं कसं? त्यांचीच जीप येत होती." त्यांची म्हणजे आरोपींची. साक्षीदार आरोपीच्या जीपमधून आला होता आणि त्याच जीपमधून परत जाणार होता. मागच्या सहा तारखांनाही तसाच आला होता. म्हणजे तेरा वेळा तो त्या जीपमध्ये बसला होता आणि चौदाव्या वेळी संध्याकाळी बसणार होता. त्या जीपमध्ये त्याला कोणी धमकी दिली असेलच असे नाही. गरजच काय? चौदा वेळा ज्याने फुकट नेले-आणले, वाटेत चहा पाजला, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला माणूस विलक्षण धाडसाचा असावा लागतो. आणि कायदा विलक्षण माणसांवर विसंबून चालत नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहा. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्या नियमांतील अकरावा नियम पीडित व्यक्ती, तिचे अवलंबित आणि साक्षीदार यांच्या प्रवासभाड्याचा, दैनिक भत्त्याचा आणि वाहनाच्या व्यवस्थेचा आहे. तपासाच्या वेळी आणि खटल्याच्या वेळी जाण्या-येण्याची सोय करणे किंवा खर्च लगेच, फार तर तीन दिवसांत देणे, हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे काम आहे. त्या पंक्चरवाल्याला सहा वर्षांत भत्त्याचा एक रुपया मिळाला नव्हता; असा काही नियम आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर सातव्या तारखेपर्यंत आम्हीही त्यासाठी अर्ज केला नव्हता. जी जागा शासनाने द्यायची होती ती आरोपीने दिली. एवढाच काय तो फितुरीचा इतिहास.

लोकशाहीवर मोठमोठी भाषणे ऐकणाऱ्यांना हा मुद्दा क्षुल्लक वाटेल. आम्हाला तो क्षुल्लक वाटत नाही. कारण या कायद्याचा सगळा डोलारा शेवटी एका माणसाच्या जिभेवर येऊन टेकतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा आपला नसतो. कलम ३(१)(आर) आणि (एस) खालील गुन्ह्यात अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झालेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सांगितले की प्रकार इमारतीच्या आत घडला असेल तर तिथे केवळ नातेवाईक किंवा मित्र नव्हे, बाहेरची माणसे हजर हवीत. नोव्हेंबर २०२० मधील हितेश वर्मा प्रकरणात हाच धागा धरून, घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही असे ठरले. प्रत्यक्षात बचाव पक्षाचे वकील ही ओळ चौकात, नळावर, बांधावर घडलेल्या घटनेलाही चिकटवायला पाहतात : साक्षीदार सगळे फिर्यादीचे नातेवाईक आहेत, स्वतंत्र साक्षीदार कुठे आहे? आता आपल्या बौद्धवाड्या आठवा. बारा घरांची वस्ती. तीत कोण कोणाचा चुलत नाही, आते-मामे नाही? अख्खी वस्ती साक्षीला आली तरी ती नात्यातलीच ठरते. म्हणजे स्वतंत्र साक्षीदार गावातूनच आणायचा. जे गाव आपल्याला बाहेर ठेवते त्या गावाने आपल्या बाजूने साक्ष द्यायची.

आणि ज्याने द्यायची त्याचे हात गावगाड्यात अडकलेले. दुकानाची जागा कोणाच्या मालकीची, शेताला जाणारी वाट कोणाच्या बांधावरून, सोसायटीचे कर्ज कोणाच्या सहीने, सोयाबीन काढायला मजूर कोण देणार, किराण्याची उधारी किती थकली आहे. यातला एक धागा ओढला तरी माणूस कोलमडतो. ही नवी गोष्ट नाही. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० चा. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव कसे काम बंद करते, वाटा अडवते, दुकानदार माल देत नाही, याची नोंद त्या अहवालात आहे. बाबासाहेबांनी ते निरीक्षण थेट गोलमेज परिषदेत नेले आणि बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्यासाठी नमुना घेतला १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा. ती मागणी स्पष्ट शब्दांत या कायद्यात आली २०१५ च्या दुरुस्तीने, २६ जानेवारी २०१६ पासून, कलम ३(१)(झेडसी) म्हणून. मध्ये पंच्याऐंशी वर्षे गेली. पण त्यातही मेख आहे. ते कलम अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावरील बहिष्कारासाठी आहे. आपल्या बाजूने बोलला म्हणून दुसऱ्या समाजाच्या पंक्चरवाल्याकडे गाव जायचे बंद झाले, तर ते कलम त्याच्या उपयोगाचे नाही. त्याने कशाच्या भरवशावर खरे बोलावे?

खर्डा आपण विसरलेलो नाही. २८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातील सतरा वर्षांचे आपले पोर दिवसाढवळ्या मारले गेले. महाराष्ट्र हादरला, मंत्री येऊन गेले, मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर होत गेले. आंध्रातील चुंडूर त्याहून मोठे. ६ ऑगस्ट १९९१ चे हत्याकांड; तिथल्या दलितांनी आग्रह धरला की खटला आमच्या गावातच चालला पाहिजे, आणि विशेष न्यायालय खरोखरच चुंडूरमध्ये बसले. साक्षीदाराला जीपची गरजच राहिली नाही! त्या न्यायालयाने २००७ मध्ये एकवीस जणांना जन्मठेप दिली. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले ही पुढची कथा वेगळी आणि कटू आहे. पण खालच्या न्यायालयापुरता त्या लोकांनी जो धडा घालून दिला तो आपण महाराष्ट्रात गिरवला नाही. आपण खटला फास्ट ट्रॅकवर चालवा म्हणतो. कुठे चालवा, साक्षीदार तिथे पोहोचणार कसा, हे म्हणत नाही.

सुटलेल्या आरोपींचे पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक निर्दोष सुटका 'खोटी केस' या खात्यावर जमा होते. मग आकडे पुढे करून म्हटले जाते, बघा, शिक्षा किती कमी, म्हणजे गैरवापर किती जास्त. २०१६ च्या मोर्च्यांमध्ये हा कायदा बदला अशी मागणी झाली तेव्हा हाच हिशेब मांडला जात होता. पुढे महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्धापनदिनीच, अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलचा भारत बंद झाला, अनेकांनी प्राण गमावले, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी पुनर्विलोकनात न्यायालयाने त्या अटी मागे घेतल्या आणि म्हटले की खोटी तक्रार कोणी केली तर ती माणसाच्या स्वभावातील दोषामुळे, तो अमुक जातीचा आहे म्हणून नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरले. कायद्याची लढाई आपण जिंकलो. पण गुन्हा नोंदवण्याच्या पहिल्या दिवसाचीच ती लढाई होती. पाचव्या वर्षी साक्षीच्या दिवशी काय होते, यावर कोणी बंद पुकारला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले आहेत. न्यायालयांत उभ्या खटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वर्षअखेर तसेच पडून होते. नियम म्हणतो तपास साठ दिवसांत, कायदा म्हणतो खटला शक्यतो दोन महिन्यांत. पाच वर्षे थांबलेला साक्षीदार हा केवळ भीतीने फिरत नाही; तो कंटाळून, विसरून, नव्या सोयरिकी जोडूनही फिरतो. त्या पंक्चरवाल्याच्या मुलाचे लग्न मधल्या काळात झाले. मांडवाचे सामान कोणाकडून आले, हे आम्ही विचारले नाही.

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी काहीच नाही असेही नाही. ५ डिसेंबर २०१८ च्या महेंद्र चावला निकालाने सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करायला सांगितले आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्याच कलम १५-अ मध्ये साक्षीदाराला धाकदपटशा, आमिष, हिंसा यांपासून संरक्षण आहे, पीडिताला जामिनासह प्रत्येक टप्प्यावर सूचना मिळण्याचा हक्क आहे, आणि कामकाजाचे ध्वनिचित्रमुद्रण व्हावे असेही लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यात किती खटल्यांत मुद्रण झाले, वाचकांनी एकदा विचारून पाहावे. नव्या संहितेच्या कलम १८३ मध्ये दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलाच पाहिजे असे आले, हे चांगले झाले. पण कलम ३(१) च्या गुन्ह्यांची शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. म्हणजे नळावरची बाई त्या सक्तीच्या बाहेरच राहिली. पोलिसांनी मनावर घेतले तर साक्षीदाराला दंडाधिकाऱ्यांपुढे नेता येते. मनावर घेतील तर ना!

आणि फितूर साक्षीदाराला शिक्षा करा असे जे म्हणतात त्यांनी बेस्ट बेकरी आठवावी. बडोद्यातील तो खटला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये महाराष्ट्रात पाठवला, पुन्हा चालवला. पुन्हा पुन्हा जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदार तरुणीला मार्च २००६ मध्ये एक वर्षाची कैद झाली. जिची माणसे जाळली गेली ती तुरुंगात गेली. खोटी साक्ष हा गुन्हा आहेच, आम्ही तो झाकत नाही. परंतु दुबळ्याच्या खोटेपणाचा हिशेब चटकन होतो आणि तो खोटेपणा ज्यांनी विकत घेतला त्यांच्या दारापर्यंत कायदा क्वचितच जातो.

परमपूज्य बाबासाहेबांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात जिल्हा कायदा ग्रंथालयाच्या सदस्यांपुढे, म्हणजे वकिलांपुढेच, लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय काय लागते यावर व्याख्यान दिले. राज्यघटना लागू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी विरोधी पक्ष सांगितला, कायद्यापुढील व कारभारातील समानता सांगितली, घटनात्मक नीती सांगितली, आणि शेवटी सार्वजनिक विवेकबुद्धीवर आले. अन्याय कोणावरही होवो, तो पाहून अस्वस्थ होणारे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या सोबतीला जाणारे मन, असा त्याचा आशय. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांसाठी झटणाऱ्या एका गोऱ्या धर्मोपदेशकाचा दाखला देऊन त्यांनी विचारले होते की आपल्या देशात अस्पृश्येतर लोक असे का पुढे येत नाहीत. त्या व्याख्यानाचा हा भाग आपण फार कमी वाचतो. घटनेची कलमे तोंडपाठ असणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण पिंजऱ्यात उभा राहणारा पंक्चरवाला हीच ती सार्वजनिक विवेकबुद्धी आहे, आणि तिला बसायला जीप लागते, हे आमच्यासारख्या कायदा शिकलेल्यांनाही उशिरा कळले.

इथे एक विषयांतर. महाडला मार्च १९२७ मध्ये आपल्या लोकांवर हल्ला करणाऱ्यांपैकी पाच जणांना त्याच वर्षीच्या जूनमध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. अडीच महिन्यांत निकाल! बाबासाहेबांना त्याचे फार कौतुक वाटले नाही. जिल्ह्यातील प्रमुख अधिकारी हिंदू नव्हते म्हणून हे झाले असे त्यांचे परखड मत होते. आज कायदा आपला, घटना आपली, कित्येक ठिकाणी अधिकारीही आपले. तरी अडीच महिन्यांचे पाच वर्षे कसे झाले?

आता आपल्याविषयी. सगळे खापर गावावर आणि शासनावर फोडून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. घटना घडते तेव्हा पहिल्या आठ दिवसांत आपले सगळे गट येतात. प्रत्येकाची वेगळी पत्रकार परिषद, प्रत्येकाचे वेगळे निवेदन, पीडित कुटुंबासोबत प्रत्येकाचा फोटो. दोषारोपपत्राच्या वेळी त्यातले दोन उरतात. साक्षीच्या दिवशी कोणीच नसते. त्या बाईच्या साक्षीला ती आणि तिची सासू अशा दोघीच आल्या होत्या, आणि समोरच्या बाकांवर आरोपींचे तीस लोक. याहून वाईट म्हणजे तडजोड. 'मिटवून टाका' म्हणत येणारा मध्यस्थ दर वेळी सवर्णच असतो असे नाही. कधी तो निळा गमछा घातलेला असतो. पाच-पन्नास हजार ठरतात, त्यातले काही वाटेत गळतात, फिर्यादी कोर्टात 'गैरसमजातून तक्रार दिली' असे सांगतो आणि आपणच गैरवापराच्या खात्यावर आणखी एक आकडा जमा करतो. या कायद्याखालील गुन्हे तडजोडीने मिटवण्याजोगे नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये रामावतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीवरून एक खटला रद्द केला, पण ती तडजोड दबावाखाली झालेली नाही ना हे तपासण्याची जबाबदारीही सांगितली. विहारात दर पौर्णिमेला आपण मुसावादापासून दूर राहण्याचे शील घेतो. ते शील फक्त पंक्चरवाल्यासाठी नाही.

भुकेल्या फिर्यादीला आम्ही दोष देत नाही. ज्याची मजुरी बंद झाली, ज्याच्यावर उलट विनयभंगाची नाहीतर जबरी चोरीची फिर्याद दाखल झाली, तो किती दिवस टिकेल? नियमांप्रमाणे मिळणारे अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने येते आणि टप्पे लांबतात. पण त्याला टिकवण्याचे काम कोणाचे? जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जेवढे जातात त्यात एका तालुक्यातील सगळ्या साक्षीदारांचे वर्षभराचे भाडे निघेल. हा हिशेब आम्ही एका मंडळापुढे मांडला तेव्हा लोक हसले. नंतर दोघे-तिघे येऊन म्हणाले, साहेब, गाडी आम्ही देतो, तारीख सांगा.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची वर्षातून दोनदा. त्या समित्यांवर जे आपले अशासकीय सदस्य आहेत त्यांनी बैठकीत एकच कागद मागावा : या तिमाहीत किती साक्षीदार तपासले गेले, नियम ११ खाली कोणाला किती रुपये कोणत्या तारखेला दिले. समितीत मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागावा. दहा रुपयांचा अर्ज आहे. आम्ही आमच्या जिल्ह्यात तो केला आहे. उत्तर आले की याच पानावर छापू.

नळाच्या त्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. निकालपत्र नऊ पानांचे आहे, त्यातली दीड पाने पंक्चरवाल्यावर आहेत. कलम १४-अ प्रमाणे उच्च न्यायालयात अपिलाला नव्वद दिवस असतात. आज एकावन्नावा दिवस. प्रमाणित नकला मिळाल्या आहेत, फिर्यादी बाईने वकीलपत्रावर सही केली आहे. सही करताना तिने विचारले, त्याला पुन्हा बोलावतील का? आम्ही म्हणालो, बहुधा नाही, अपील कागदांवर चालते. ती म्हणाली, "बरं झालं. त्याचं दुकान अजून नळासमोरच आहे. परवा हंडा उचलताना त्यानं पोराला मदतीला पाठवलं."